लॅपटॉपच्या पोटातला भंडारा

दुरुस्तीवाल्या मुलाने लॅपटॉपचं मागचं झाकण काढलं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "ताई, हा फोडणीशेजारी ठेवता का?"

पंख्याच्या पात्यांवर हळद. तांब्याच्या नळीवर हळद. गरम हवा बाहेर जायची जाळी तर पिवळी लिंपून काढल्यासारखी. मी म्हटलं, फोडणी नाही रे, जेजुरी. माउलींची पालखी जेजुरीत येते तेव्हा भंडाऱ्याची जी उधळण होते ती फोटोत छान दिसते, पण रात्री तळावर प्रत्येकाच्या अंगातून, टोपीतून, पिशवीतून तोच भंडारा झडत असतो. त्यात मी लॅपटॉप उघडून बसले होते. पंखा हवा ओढतो, हवेबरोबर हळद ओढतो. वारीत चालू असलेला पुढे लग्नसराईपर्यंत कसाबसा चालला आणि एका साखरपुड्याचे फोटो काढून देताना धापा टाकत बंद पडला.

त्या पोराने ब्रशने सगळं साफ केलं, निघालेली हळद कागदावर गोळा केली आणि पुडी करून मला दिली. "भंडारा म्हणताय, तर केरात कसा टाकू?" ती पुडी आमच्या देव्हाऱ्यात आहे.

तर हा लेख नवा लॅपटॉप घेण्याबद्दल आहे. मी साताऱ्यात लग्नांचे फोटो काढते, त्यावर घर चालतं. आणि वर्षातले काही आठवडे यात्रा-जत्रांमध्ये असते. चैत्रात जोतिबा, आषाढात आळंदी ते पंढरपूर. वारीत मी आत्याच्या दिंडीबरोबर चालते. दिवसभर फोटो, आणि रात्री त्यातले दहा निवडून, नीट करून एका संस्थेला पाठवायचे, असं काम गेली काही वर्षं आहे. "मोबाइलवर का नाही करत?" असं विचारणारे भेटतात. करून बघितलं. सहाशे फोटोंतून दहा निवडणं पाच-सहा इंचांच्या काचेवर करताना डोळे आणि अंगठा दोन्ही जातात, आणि डोळे मिटलेला माणूस तुम्हाला दिसतो तो पाठवून झाल्यावर.

जुना लॅपटॉप घेताना मी काय बघितलं होतं? प्रोसेसर, ग्राफिक कार्ड आणि किंमत. तिन्ही उत्तम होते. पडदा कसा आहे हे बघायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ४५ टक्के एनटीएससी. मला वाटलं काहीतरी टीव्हीचं असेल. आता कळतं: पडदा किती रंग दाखवू शकतो ते मोजायची ती एक जुनी पट्टी. नेटवर आणि साध्या छपाईला आपण जी रंगांची चौकट धरतो, एसआरजीबी, ती एनटीएससीच्या साधारण ७२ टक्के असते. म्हणजे ४५ टक्केवाला पडदा एसआरजीबीतलेसुद्धा तीनातले दोनच रंग दाखवू शकतो. उरलेले रंग फाइलमध्ये असतात, पण तुमच्यासमोर येत नाहीत. आणि जे येत नाहीत ते नेमके कोणते? गुलाल. भंडारा. भगवी पताका. ज्यासाठी मी उन्हातान्हात मरते तेच.

जोतिबाच्या यात्रेत वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलाबी होतो, ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. माझ्या पडद्यावर तो गुलाल धुतलेल्या चादरीसारखा दिसायचा. मग मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवायचे. अजून थोडं. अजून थोडं. माझ्या पडद्यावर बरोबर वाटलं की फाइल पाठवून द्यायचे. एका दिनदर्शिकेसाठी असे फोटो पाठवले आणि छपाईवाल्यांचा फोन आला: "मॅडम, ह्या गुलाबीत काहीच नाहीये. सपाट आहे." पुतण्याच्या चांगल्या मोबाइलवर उघडून बघितलं तर माणसांच्या जागी गुलाबी रंगाचे डबे. गुलालाचे कण, चेहऱ्यावरच्या रेषा, सगळं मीच माझ्या हाताने पुसलेलं. भंडाऱ्याचंही तसंच होतं: पिवळा ताणत गेलं की निळ्या रंगाची वाहिनी शून्यावर जाऊन बसते आणि उधळलेल्या भंडाऱ्याचा भिंतीला मारलेला ऑइलपेंट होतो.

दुसरी चूक पडद्याची नव्हती, माझी होती. तंबूत अंधार. अंधारात पडदा पूर्ण उजळवून बसलं की प्रत्येक फोटो उजेडाचा वाटतो, म्हणून हात आपोआप फोटो काळोखा करत जातो. बरडच्या मुक्कामात निवडलेले फोटो छापून आले तेव्हा सगळे वारकरी संध्याकाळी सातला चालताना दिसत होते. ते दुपारी दीडचे होते.

म्हणून या वेळी ठरवलं, आधी पडदा. मग वजन. मग वीज. प्रोसेसर शेवटी.

वजनाचं सांगते. जुना लॅपटॉप २.४ किलोचा, त्याचा चार्जर वेगळा, विटेएवढा. कॅमेरा, दोन लेन्स, पाणी हे अंगावर असतंच. दिंडीचं सामान ट्रकमधून पुढे जातं हे खरं, पण त्या ट्रकमध्ये वळकट्या, तांदळाची पोती आणि पातेली एकमेकांच्या उरावर असतात. तिथे लॅपटॉप टाकायची माझी छाती होत नाही. म्हणजे पाठीवर. पुण्याहून सासवडचा टप्पा तीस-एक किलोमीटरचा, त्यात दिवे घाट. दुकानात लॅपटॉप एका हाताने उचलून "हलका आहे हो" म्हणणं सोपं असतं. मी घरीच चाचणी घेतली. गिरणीतून आलेलं ज्वारीचं पीठ अडीच किलो मोजून पाठपिशवीत घातलं आणि सकाळी अजिंक्यतारा चढले. दुसऱ्या दिवशी सव्वा किलो घालून चढले. फरक कळायला कुठला लेख वाचावा लागला नाही. पहिल्या दिवशी वरच्या दरवाजाशी बसून पिशवी उघडली तर रोज फिरायला येणारे एक काका म्हणाले, "भाकऱ्या इथंच थापणार काय?"

आकाराबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. १५.६ इंची मोठा आणि १४ इंची लहान, असं सरळ नसतं. पडद्याचा आकार कर्णावर मोजतात. जुने १५.६ इंची पडदे १६:९ आकाराचे, आडवे-पसरट. त्यांची उंची भरते साडेसात इंचांच्या थोडी वर. हल्लीचे १४ इंची १६:१० असतात, त्यांची उंची साडेसातच्या थोडी खाली. पाव इंचाचासुद्धा फरक नाही. मी उभे फोटो भरपूर काढते, तुळस डोक्यावर घेतलेली बाई आडव्या चौकटीत बसतच नाही, त्यामुळे मला उंचीशी मतलब. उरलेली रुंदी म्हणजे पाठीवरचं ओझं.

विजेचं गणित वारीबाहेरच्या माणसाला पटकन समजणार नाही. मुक्कामाच्या गावात चार्जिंगची सोय करतात, लोक मनापासून करतात. झाडाला, खांबाला लाकडी फळी बांधून त्यावर ओळीने सॉकेट. पण त्या फळीवर शंभर मोबाइल लटकलेले असतात, आणि तिथे आपला लॅपटॉप लावून दोन तास उभं राहणं बरं दिसत नाही. जुन्या यंत्राला स्वतःचाच गोल पिनचा चार्जर लागायचा, पॉवर बँकेला ते विचारायचंही नाही. म्हणून पक्कं केलं की यूएसबी-सीवर चार्ज होणाराच हवा, आणि तोही थोडक्या वॅटमध्ये. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-अवर. वाटेत गळती होते, हातात साठेक पडतात असं धरा. लॅपटॉपची बॅटरी ५०च्या आसपास असेल तर एकदा पूर्ण भरतो. (विमानाने जाणाऱ्यांसाठी: परवानगीशिवाय १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक चालते, आणि ती हातातल्या सामानातच ठेवायची, चेक-इन बॅगेत नाही. मी एसटीने जाते, मला कोणी विचारत नाही.)

एवढं ठरवून मी पेन ड्राइव्हवर तीन फोटो घेतले. एक जोतिबाचा गुलाल. एक जेजुरीचा भंडारा. तिसरा, पहाटे घोंगडं पांघरून बसलेला म्हातारा, जवळजवळ सगळा काळा; त्यात घोंगड्याची वीण दिसते का ते बघायचं. आधी पुण्यात दोन दुकानं, मग मुंबईला एका लग्नाच्या कामासाठी गेले तेव्हा लॅमिंग्टन रोड.

"ताई, आय-सेव्हन आहे, सहा जीबीचं ग्राफिक कार्ड आहे, मुलं गेम खेळायला नेतात."

"दादा, पडद्याचे निट्स किती?"

"काय?" (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप.)

एका दुकानदाराने मात्र कौतुकाने खुर्ची दिली. चार लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले आणि गुलालाचा फोटो चारही पडद्यांवर लावला. एकावर विटकरी, एकावर राणी, एकावर फिकट, एकावर गुलाल. तो म्हणाला, वीस वर्षं विकतोय, असं कधी बघितलं नाही. मग त्याने स्वतःच त्यांतल्या फिकट पडद्याचं माहितीपत्रक उघडलं: ४५ टक्के एनटीएससी, २५० निट्स. आम्ही दोघं हसलो. जाताना पडदा मागे-पुढे झुकवूनही बघा, ही गोष्ट त्याने मला शिकवली: स्वस्त पडद्यावर मान हलवली की सावल्यांचा रंग बदलतो, म्हणजे कोणत्या कोनातून बघितलेला फोटो खरा मानायचा हेच कळत नाही.

ओलेड पडद्यांचा मोह झाला. काळा म्हणजे खरोखर काळा, म्हाताऱ्याच्या घोंगड्याची एक एक दोरी दिसत होती. पण चकचकीत काचेत माझ्या मागची ट्यूबलाइटही तितकीच छान दिसत होती, आणि जे बजेटात बसत होते त्यांची रॅम आठ जीबी आणि बोर्डाला कायमची चिकटवलेली. नंतर वाढवता येत नाही. लाइटरूम (फोटो नीट करायचं सॉफ्टवेअर), एक ब्राउझर आणि व्हॉट्सअॅप एकदम उघडलं की आठ जीबीचा जीव जातो हे मी रोज बघत होते. सोळाच्या खाली घ्यायचं नाही, इथे मी हट्टी होते.

शेवटी घेतला तो नवा नव्हे. अॅपलचा मॅकबुक एअर, एम१ चिपचा, नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला प्रकार, कोणीतरी तीन वर्षं वापरलेला. कारणं माझ्या यादीतूनच निघाली. वजन १.२९ किलो. पडदा पी३ रंगांचा, म्हणजे एसआरजीबीपेक्षा तांबड्या-हिरव्या बाजूला जास्त रुंद, आणि ४०० निट्स. बॅटरी ४९.९ वॉट-अवर, सोबतचा चार्जर अवघ्या ३० वॅटचा, म्हणजे पॉवर बँकेवर आरामात भरतो. आणि मुख्य म्हणजे त्याला पंखाच नाही. ओढायला काही नाही, तर भंडारा आत जाणार कसा? हे मी नवऱ्याला एखाद्या शास्त्रज्ञाच्या थाटात समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू हळदीमुळे मॅक घेतेयस." हो.

सोळा जीबीवाला मिळायला दोन महिने लागले, कारण बहुतेकांनी आठचाच घेतलेला असतो. त्यात एकदा फसता फसता वाचले. एक यंत्र दिसायला कोरं, भाव चांगला, विकणारा म्हणे "सगळं क्लीन करून देतो." मी म्हटलं माझ्यासमोर पुसा आणि माझ्या हॉटस्पॉटवर परत चालू करा. केलं. वाय-फाय जोडल्याबरोबर पडद्यावर पाटी आली की हे यंत्र एका कंपनीच्या ताब्यात आहे आणि तिच्या खात्यानेच उघडेल. ऑफिसातून निघालेल्या लॅपटॉपांत असं असू शकतं. इंटरनेट न जोडता दाखवलं तर कळत नाही. विकणारा म्हणाला, "ताई, नेट न लावता वापरा की." मी चहा न घेता उठले. पुसून, नेट लावून, नव्याने सुरू केल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याच बैठकीत बॅटरीची सायकल संख्याही (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली ते) बघा, सिस्टिम रिपोर्टमध्ये पॉवर या सदरात असते. या मॉडेलला कंपनी १००० सायकल धरते. माझ्यावाल्याच्या २१२ झाल्या होत्या.

दोष सांगते, नाहीतर जाहिरात वाटायची. कार्ड घालायला खाच नाही, म्हणून कार्ड रीडर गळ्यातल्या माळेसारखा सांभाळावा लागतो. दोनच पोर्ट, दोन्ही डाव्या बाजूला. एकात चार्जर, एकात रीडर, मग एसएसडी, म्हणजे फोटो साठवायची बाहेरची डिस्क, कुठे लावायची? त्यासाठी हब, म्हणजे अजून एक हरवण्याजोगी वस्तू. साठवण २५६ जीबी, तीही बदलता न येणारी. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फाइल, २८ एमबीच्या आसपास. दिवसाला सहाशे धरले तर सतरा जीबी, अठरा दिवसांचे तीनशे. मावत नाही.

म्हणून मूळ फाइल लॅपटॉपवर ठेवतच नाही. रात्री कार्ड दोन छोट्या एसएसडींवर उतरवते, एक माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये, दुसरी आत्याच्या पिशवीत, तिच्या हरिपाठाच्या पुस्तकाशेजारी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आता प्रवासात नेत नाही. एसटीच्या शेवटच्या सीटवर तिने एकदा टकटक आवाज केला तो अजून कानात आहे. लाइटरूम क्लासिकमध्ये स्मार्ट प्रीव्ह्यू नावाची सोय आहे, लांब बाजूला २५६० पिक्सेलची हलकी प्रत, ती तेवढी लॅपटॉपवर. एसएसडी काढून ठेवली तरी त्या प्रतीवर रंग-उजेडाचं काम होतं, आणि घरी जोडली की मूळ फाइलला लागू होतं. संस्थेला रोज जे दहा पाठवायचे ते लांब बाजूला २०४८चे, त्यामुळे निर्यातही त्याच प्रतीवरून भागते. कार्डं मात्र पंढरपूर होईपर्यंत पुसायची नाहीत. कार्ड नवं घेता येतं, फलटणचा दिवस परत मिळत नाही.

रंगाचं म्हणाल तर आम्ही तिघी-चौघींनी वर्गणी काढून पडदा मोजायचं यंत्र घेतलंय. उजेड १२० निट्सवर बांधून टाकते, आणि सभोवतालच्या प्रकाशाप्रमाणे पडद्याचा रंग आपोआप बदलणारी ट्रू टोनची सोय बंद. तंबूतल्या पिवळ्या बल्बखाली ती चालू राहिली तर सगळे वारकरी मला पुन्हा वेगळ्याच रंगाचे दिसतील.

२०२४च्या वारीत हा लॅपटॉप पहिल्यांदा चालला. आत्याच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, वर खताच्या पिशवीच्या जाडीचा प्लॅस्टिक कागद. लोणंदला पावसाने पाठपिशवी भिजली, लुगडं कोरडं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, त्या रात्री तरडगावात नेटवर्क असं काही नव्हतंच. एवढ्या लोकांचे मोबाइल एका टॉवरवर, फोटो काय जाणार? पहाटे अडीचला उठून पाठवले, पाणी तापवायला चूल पेटली होती तिच्या उजेडात. पॉवर बँक दोन दिवस पुरली. सगळंच सुरळीत झालं नाही. रात्रीचे, भजनातले फोटो फार दाणेदार येतात, त्यांवर लाइटरूमचा दाणे घालवणारा डीनॉइज चालवला की हा बिचारा एका फोटोला मिनिटाच्या वर घेतो, आणि तीन-चार ओळीने लावले की तळाशी हात ठेववत नाही. तसे फोटो मी घरी येईपर्यंत राखून ठेवते.

जेजुरीत मात्र मुद्दाम उघडला. भंडाऱ्याचे दिवसभराचे फोटो बघत होते, पिवळ्यात कण दिसत होते, एका पोराच्या पापण्यांवर अडकलेले सुद्धा. आत्या शेजारी पाय चेपत बसली होती. कीबोर्डवर हळदीची साय जमलेली बघून म्हणाली, "अगं, मागच्यासारखी आत गेली तर?"

"ह्याला पंखाच नाहीये, आत्या."

तिने तळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "पंखा नाही? जुलै महिन्यात?" असं म्हणून तिने हरिपाठाच्या पुस्तकानेच त्याला वारा घालायला सुरुवात केली.